मावशीच्या बँक खात्यात माझे नाव घालावे का? घरी पगारी काळजीवाहक आहे, सल्ला हवा

बोरीची_भाची
सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी,

माझी मावशी ८१ वर्षांची आहे आणि गोव्यात बोरीला आपल्या यजमानांच्या घरात राहते. काका जाऊन सहा वर्षे झाली. त्यांना मूलबाळ नाही. मावशीच्या भावंडांपैकी माझी आई आता नाही, आणि एक मामा डोंबिवलीला असतात. माझा धाकटा भाऊ पुण्यात आहे. मी फोंड्याला राहत असल्यामुळे रोजचे सगळे माझ्याकडे आले आहे, आणि ते मी मनापासून करते.

गेल्या चतुर्थीपासून मावशीच्या बोलण्यात गोंधळ होऊ लागला. बांबोळीला गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) तपासणी केल्यावर स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असे डॉक्टरांनी सांगितले. दोनदा ती रात्री न्हाणीघरात पडली, तेव्हापासून काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत एक बाई चोवीस तास घरी ठेवली आहे. तिचे महिन्याचे २४,००० रुपये, तिच्या सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदली बाईचे वेगळे, शिवाय औषधे आणि किराणा. मावशीला काकांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, मुदत ठेवींचे व्याज येते आणि कुळागरातल्या (नारळ-सुपारीच्या बागेतल्या) सुपारीचे थोडे पैसे येतात. त्यामुळे खर्च भागतो. अडचण आहे ती पैसे काढण्याची.

आतापर्यंत मावशीचे एटीएम कार्ड कपाटात असायचे आणि पिन कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. ती सांगेल तेव्हा बाई फोंड्याच्या बसने जाऊन पैसे काढून आणायची. मागच्या महिन्यात पासबुक भरून आणले तेव्हा पाच-पाच हजारांच्या दोन उचली दिसल्या, ज्या कोणालाच आठवत नाहीत. मावशीला आठवत नाही हे स्वाभाविक आहे. बाईही नाही म्हणते, आणि मी कोणावर आळ घेऊ इच्छित नाही. त्यातच सही जुळत नाही म्हणून ब्यूरोला दिलेला धनादेश परत आला. बँकेतील अधिकाऱ्यांनी सांगितले, ‘तुमचे नाव घाला, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असे खाते करा, म्हणजे प्रश्नच मिटला.’

हे मी मामांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, ‘नाव तुझेच कशाला?’ त्या प्रश्नाने मला फार लागले. पण रात्री विचार करताना वाटले की प्रश्न चुकीचा नाही. नाव घातल्याने नेमके काय होते हे मला स्वतःलाच माहीत नाही. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त_शाखाधिकारी
सोमवार, रात्री १०.५५

ताई, सर्वांत आधी उद्या सकाळी मावशींना सोबत घेऊन पिन बदला, आणि शक्य झाले तर कार्डाची रोजची मर्यादा खाली आणा. ज्याला पिन आपण स्वतः सांगितला त्याने केलेली उचल बँकेकडून परत मिळत नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, तो बँकेला कळवीपर्यंत, त्यानेच सोसायचे असते.

आता मूळ प्रश्न. काउंटरवर ‘नाव घाला’ हे उत्तर लवकर दिले जाते, कारण त्याने सहीची अडचण लगेच सुटते आणि बँकेचे काम हलके होते. नोकरीत असताना मीही हे उत्तर अनेक कुटुंबांना दिले, आणि त्यांतील काहींचे पुढे काय झाले हे पाहिल्यावर मला त्याचा खेद वाटतो. आपल्याला हवा आहे तो फक्त व्यवहार करण्याचा अधिकार. संयुक्त खात्यात मात्र त्याच्यासोबत आणखी दोन गोष्टी न मागता येतात. एक म्हणजे पैसा दोघींचा आहे असे बाहेरच्यांना दिसू लागते. दुसरी म्हणजे मावशींच्या पश्चात ती संपूर्ण रक्कम बँक आपल्या हाती देते. मामांना बहुधा हेच खटकले असावे.

प्रकारही समजून घ्या. ‘पहिला किंवा हयात’ या प्रकारात पहिले नाव असलेली व्यक्ती जिवंत असेपर्यंत तीच व्यवहार करते, म्हणजे आपल्या अडचणीवर त्याचा काही उपयोग नाही. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ यात आपण एकट्याने पूर्ण शिल्लक काढू शकता. आपण तसे करणार नाही हे मला मान्य आहे, पण आपल्यावर उद्या एखादी वसुली निघाली, तर त्या खात्यातला निम्मा पैसा आपला नाही हे आपल्यालाच सिद्ध करावे लागेल. प्राप्तिकराच्या थकबाकीत संयुक्त खातेदारांचे वाटे, उलट सिद्ध होईपर्यंत, समान धरले जातात.

माझा सल्ला असा की खाती दोन असावीत. निवृत्तिवेतन, ठेवी आणि त्यांचे व्याज हे मावशींच्या एकटीच्या नावावर आज आहे तसेच राहू द्या, फक्त त्यावर नामांकन आहे की नाही ते तपासा. दुसरे एक साधे बचत खाते नव्याने उघडा, त्यात मावशींचे नाव पहिले आणि आपले दुसरे, व्यवहार दोघींपैकी कोणीही. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना मावशींच्या सहीने आताच द्या. काळजीवाहक, औषधे, वीज, किराणा हे सर्व दुसऱ्या खात्यातून भागवा आणि त्यात दोन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त शिल्लक साचू देऊ नका. काही बिघडले तर तेवढ्यापुरतेच बिघडेल.

सहीबद्दलही सांगतो. हात थरथरणाऱ्या वृद्धांना बँक परत पाठवू शकत नाही. अंगठ्याचा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेनेच घालून दिली आहे, आणि त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना रोख पोहोचवणे, केवायसीची कागदपत्रे घेणे, हयातीचा दाखला घेणे या सेवा घरी द्याव्यात असेही नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले गेले आहे. तोंडी विचारले तर ‘आमच्याकडे माणसे नाहीत’ असे ऐकावे लागते, म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सांखळीकर
मंगळवार, सकाळी ७.२०

वरील सल्ला जाणकाराचा आहे, तरीही मला थोडे वेगळे वाटते. माझ्या आजीच्या खात्यात वडिलांचे नाव होते, आजीच्या शेवटच्या आजारात अकरा महिने सगळा खर्च त्यातून झाला आणि घरात कोणी हिशेब विचारला नाही. जी मुलगी रोज बोरीला जाऊन मावशीचे पाहते, तिने दोन खाती, सूचना आणि साक्षीदार यांत आपली शक्ती का घालवावी? जे लांब आहेत त्यांनी विश्वास ठेवावा, नाहीतर स्वतः येऊन करावे.

कुंकळ्ळीचा_मुलगा
मंगळवार, सकाळी ९.०५

सांखळीकर, आपल्या घरी झाले ते चांगले झाले. आमच्याकडे तसे झाले नाही, म्हणून लिहितो.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर त्यांच्या खात्यात माझे नाव घातले. पहिल्या काही महिन्यांत बँकेतून पैसे काढायला वेळ मिळाला नाही की मी माझ्या पगारातून खर्च करायचो आणि मग महिन्याच्या शेवटी त्यांच्या खात्यातून तेवढे घ्यायचो. पुढे ते ‘तेवढे’ अंदाजाने होऊ लागले. पलंग, हवेची गादी आणि ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने घेतले त्याच्या पावत्या ठेवल्या, पण रात्रीच्या बाईला दोन वर्षे रोख पगार दिला त्याचा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. एकदा माझ्या मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती आणि माझा पगार उशिरा झाला, म्हणून वडिलांच्या खात्यातून ४०,००० रुपये घेतले आणि दहा दिवसांनी परत भरले. परत भरल्याची नोंद पासबुकात आहे. पण वडील गेल्यावर बहिणीने पासबुक पाहिले तेव्हा तिला काढल्याची ओळ आधी दिसली. परत भरल्याची ओळ मी दाखवली, तोपर्यंत तिचा आवाज चढला होता आणि माझाही. ती वाईट नाही, मीही चोर नाही. तीन वर्षे आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही, आणि आईच्या वर्षश्राद्धालाही ती वेगळ्या वेळी आली.

म्हणून ताई, आपला स्वतःचा एक रुपयाही त्या खात्यात घालू नका आणि त्यातला एक रुपयाही, परत करण्याच्या हेतूनेसुद्धा, स्वतःसाठी उचलू नका. आपण पदरचे खर्च केले असतील तर तेही लिहून ठेवा. मागायचे नसले तरी लिहा.

बोरीची_भाची
मंगळवार, दुपारी १.३०

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. कुंकळ्ळीच्या दादांचे वाचून मी वही काढली आणि जानेवारीपासून मी पदरचे किती घातले ते आठवून लिहायला बसले, तर अर्ध्या गोष्टी आठवल्याच नाहीत. पिन आज सकाळी बदलला. मावशीने तो स्वतः टाकला, पण तिला तो आठवणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

अंगठ्याचे मात्र अवघड आहे. मावशी त्या काळातली पोर्तुगीज प्राथमिक शाळा शिकलेली, नंतर मराठी शाळेत गेलेली. अंगठा द्यायचा म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मी अडाणी नाही.’ आज सकाळपासून ती जुन्या डायरीत सही गिरवत बसली आहे.

आणखी एक शंका आहे. माझ्या भावाचे म्हणणे की मावशीकडून सरळ मुखत्यारपत्र करून घ्यावे, म्हणजे खात्यात नावही नको. ते बरोबर आहे का?

पर्वरीचा_वकील
मंगळवार, रात्री ८.१५

मुखत्यारपत्राबद्दल फार मोठा गैरसमज आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. आपल्याकडे मुखत्यारपत्र हे देणाऱ्याच्या आकलनावर उभे असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे ते देणाऱ्याच्या मृत्यूने संपते आणि त्याचे मन अस्थिर झाल्यानेही संपते. काही देशांत व्यक्तीचे भान गेल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते, तशी सोय आपल्या कायद्यात नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून घेणार, नेमक्या त्याच दिवशी त्याचा आधार जातो. बँकेला दिलेल्या साध्या अधिकारपत्राचीही तीच मर्यादा आहे. आजार सुरुवातीच्या अवस्थेत असेपर्यंत त्याचा उपयोग जरूर होतो, पण त्यावर पुढच्या पाच वर्षांची व्यवस्था रचू नये. आकलन पूर्ण गेल्यानंतर कुटुंबाला पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात, आपल्यासाठी पर्वरीच्या खंडपीठात, अर्ज करावा लागतो. तो मार्ग खुला आहे, पण त्यात वैद्यकीय अहवाल, चौकशी आणि वेळ हे सगळे येते.

आता वारसाहक्काचे. खात्यात ‘हयात’ म्हणून नाव असणे आणि पैशाचा मालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक हयात खातेदाराला किंवा नामांकित व्यक्तीला पैसे देते तेव्हा बँकेची जबाबदारी संपते, वारसांचा हक्क संपत नाही. पैसे घेणारा ते वारसांसाठी विश्वस्त म्हणून घेतो. मावशींना मुले नाहीत आणि आईवडीलही नाहीत, म्हणून मृत्युपत्र नसेल तर त्यांचे वारस म्हणजे मामा, आणि आपल्या आईच्या जागी आपण दोघे भावंडे. मामांचा प्रश्न म्हणूनच कायद्याला धरून आहे.

गोव्यात आणखी एक गाठ आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामायिक असते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा हिस्सा असतो. आपले लग्न तसेच झाले असेल तर जे आपले मानले जाईल त्यात आपल्या यजमानांचाही अर्धा भाग मानला जाईल. मावशींचे पैसे चुकून आपले ठरले तर गुंता फक्त आपल्यापुरता राहत नाही.

हे लिहितानाच मला काकांचा विचार आला. काका गेल्यानंतर त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचे काही कागद झाले का? २२ डिसेंबर २०१६ पासून लागू असलेल्या आपल्या गोव्याच्या उत्तराधिकार आणि इन्व्हेंटरीच्या (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेच्या) कायद्यात वारसांचा जो क्रम आहे, त्यात वंशज, मग पूर्वज, मग भावंडे व त्यांची संतती, आणि त्यानंतर हयात जोडीदार येतो. निःसंतान पतीच्या हिश्श्यात त्याची भावंडे पत्नीच्या आधी येतात हे ऐकून आपल्याच लोकांना धक्का बसतो. काकांनी मृत्युपत्र केले होते का, त्यांची भावंडे होती का, आणि ‘हयात’ म्हणून मावशींच्या नावावर आलेल्या ठेवी कोणत्या, हे पाहून ठेवा. भांडण उकरण्यासाठी हे सांगत नाही. ज्या ठेवींतून काळजीचा खर्च चालणार त्यांवर उद्या कोणी बोट ठेवू नये, यासाठी सांगतो.

निवृत्त शाखाधिकाऱ्यांची दोन खात्यांची सूचना मला पटते, पण तिला एका कागदाची जोड द्या. मावशींना समजत आहे तोपर्यंत, सकाळच्या वेळी, त्यांच्या डॉक्टरांकडून ‘रुग्णाला आपले व्यवहार समजतात’ असे प्रमाणपत्र घेऊन एक निवेदन करा की या खात्यातील सर्व पैसा मावशींचा आहे, भाचीचे नाव केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी आहे, आणि मावशींच्या पश्चात शिल्लक त्यांच्या वारसांची असेल. त्यावर मामांची आणि आपल्या भावाची सही असू द्या. बँक तो कागद मानणार नाही. कुटुंब आणि न्यायालय मात्र मानतील. आणि मावशींना आपल्याला काही जास्त द्यायचे असेल तर त्यांनी विशेष नोटरीसमोर (गोव्यात मृत्युपत्रे करून घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) मृत्युपत्र करावे. वंशज आणि पूर्वज दोन्ही नसलेल्या व्यक्तीवर त्यांच्यासाठी अर्धा हिस्सा राखून ठेवण्याचे बंधन नसते, त्यामुळे त्या आपल्या मनाप्रमाणे देऊ शकतात. खात्यातले नाव हे देणगी देण्याचे साधन नव्हे.

सोबतीण
मंगळवार, रात्री ११.१०

मी स्वतः नऊ वर्षे म्हापसा आणि आसपासच्या घरांत वृद्धांची काळजी घेण्याचे काम करते. इथे माझ्यासारख्यांविषयी बरेच बोलले जाते, म्हणून आमच्या बाजूने सांगते.

एका घरी आजोबांनी मला पिन सांगितला होता. मी पैसे काढून आणायची, पावतीसह त्यांच्या उशाखाली ठेवायची, आणि ते पावती फाडून टाकायचे, कारण त्यांना ती कशाची आहे तेच कळायचे नाही. सहा महिन्यांनी त्यांचा मुलगा आला आणि त्याने पहिला प्रश्न मला विचारला. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. तो मला चोर म्हणाला नाही, पण दुसऱ्या दिवशी ब्यूरोला फोन करून बाई बदलायला सांगितली, आणि ब्यूरोने मला तीन महिने काम दिले नाही. त्या वेळी माझी मुलगी बारावीला होती.

त्यामुळे आता मी कामाला जाते तिथे पहिल्याच दिवशी सांगते की पिन, कार्ड, ओटीपी यांतले काहीही माझ्याकडे देऊ नका. किराण्यासाठी हातखर्च द्या आणि त्याची वही ठेवा, वहीत मी लिहीन आणि आठवड्याने घरच्यांनी सही करावी. पगार माझ्या बँक खात्यात टाका, रोख नको. रोख घेतलेला पगार मिळाला हे मी सिद्ध करू शकत नाही आणि दिला हे तुम्ही करू शकत नाही. ताई, त्या दोन उचलींबद्दल बाईला एकदा समोर बसवून सांगा की चूक घरच्यांची होती, पिन तिच्या हाती द्यायला नको होता. तिने घेतले नसतील तर ती आत्ता रोज तुमच्या नजरेकडे बघत असेल.

परदेशी_मुलगा
बुधवार, पहाटे ४.५०

मी या धाग्यातल्या मामांच्या जागी आहे. माझी आई पणजीला असते, बहीण तिचे सर्व पाहते, आणि मी कुवेतहून महिन्याला पैसे पाठवतो. ‘नाव तुझेच कशाला’ हा प्रश्न मी माझ्या बहिणीला वेगळ्या शब्दांत विचारला होता. आज कबूल करतो की तो पैशाविषयी जेवढा होता त्याहून जास्त माझ्या अपराधी भावनेतून आला होता. मी आईला पाणी देऊ शकत नाही, म्हणून हिशेब विचारून मी तिचा मुलगा असल्याचे स्वतःला पटवत होतो. बहिणीने चिडून उत्तर दिले असते तर आमचेही कुंकळ्ळीसारखे झाले असते. तिने दर महिन्याच्या ५ तारखेला पासबुकाच्या पानाचा आणि खर्चाच्या वहीचा फोटो कुटुंबाच्या गटात टाकायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी मी ते फोटो उघडणेही सोडले. ती मात्र अजून टाकते.

एक सुचवतो. भाचीच्या श्रमाचेही काही ठरवा. आमच्याकडे बहिणीचा प्रवास आणि फोनचा खर्च आईच्या खात्यातून उघडपणे जातो, सर्वांच्या संमतीने, आणि तशी नोंद होते. ती आधी नको म्हणत होती.

निवृत्त_शाखाधिकारी
बुधवार, सकाळी १०.२५

सोबतीण यांच्या अनुभवाला जोडून सांगतो. किराणा-औषधांसाठी यूपीआय सर्कल नावाची सोय ऑगस्ट २०२४ पासून आहे. त्यात खातेदार दुसऱ्या व्यक्तीला मर्यादित अधिकार देतो, ती आपल्याच मोबाइलवरून पैसे देते, पण महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांच्या पुढे जाता येत नाही, आणि प्रत्येक व्यवहार खातेदाराला दिसतो. दुसऱ्या खात्यावरून ही सोय बाईसाठी करता येईल. पिन कोणालाच सांगावा लागत नाही. वकीलसाहेबांचे निवेदन अवश्य करा, आणि स्थायी सूचनेचा अर्जही त्याच सकाळी सही करून घ्या.

ठेवींबाबत दोन गोष्टी. मावशींच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे असतील तर त्यात संयुक्त नाव फक्त पती किंवा पत्नीचेच चालते, भाचीचे घालता येत नाही, तिथे नामांकनच करावे लागते. आणि सर्व ठेवी एकाच बँकेत असतील तर बँक बुडाल्यास मिळणारा ठेव विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंतच आहे. काळजीचा खर्च अनेक वर्षांचा असतो, तेव्हा मुदत संपेल तशी एखादी ठेव दुसऱ्या बँकेत न्यावी.

सांखळीकर
बुधवार, दुपारी १२.४०

मी काल लिहिले त्यातला एक भाग मागे घेतो. विश्वास ठेवावा हे मला अजूनही वाटते, पण सोबतीण यांचे वाचल्यावर कळले की कागद नसला तर सर्वांत आधी ज्याच्यावर संशय येतो त्याला घरात बोलायची जागाही नसते. आमच्या आजीकडे रात्री येणाऱ्या बाईला आम्ही कधी असा विचार करून वागवले होते की नाही, हे आता आठवावे लागेल.

बोरीची_भाची
तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.३०

झाले ते कळवायला आले आहे.

दुसऱ्याच दिवशी मी बाईला समोर बसवून बोलले. ती रडली, आणि मग म्हणाली की त्यांतली एक उचल कुळागरात नारळ काढायला येणाऱ्या पाडेलीला आणि शिंपणाऱ्याला मजुरी देण्यासाठी मावशीने करवली होती. पाडेलीला विचारले, त्याने होकार दिला. दुसऱ्या उचलीचे अजून कळलेले नाही, आणि मी ते प्रकरण तिथेच सोडले आहे. तिचा पगार आता तिच्या खात्यात जातो.

मामांना मी या धाग्यातला वकीलसाहेबांचा भाग वाचून दाखवला. ‘वारस तुम्ही आहात’ हे मीच त्यांना सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. ते मागच्या शनिवारी गाडीने मडगावला उतरले, चार दिवस बोरीला राहिले, एक रात्र त्यांनी बाईला झोपू दिले आणि स्वतः मावशीजवळ बसले. निवेदनावर त्यांनी, भावाने आणि मी सह्या केल्या. माझ्या प्रवासाचे महिन्याला ३,००० रुपये त्या खात्यातून जावेत असे त्यांनीच कागदात घालायला लावले. काकांच्या हिश्श्याचे कागद झालेले नाहीत. काकांच्या एका बहिणीची मुले वाळपईला आहेत, त्यांना भेटायला मामा आणि मी पुढच्या महिन्यात जाणार आहोत.

बँकेने लेखी अर्ज दिल्यावर अधिकारी घरी पाठवले. सकाळी दहाची वेळ मीच मागून घेतली होती, कारण तेव्हा मावशीचे भान स्वच्छ असते. तिने पहिली सही केली ती जुळली नाही, दुसरीही नाही. अधिकारी शाईचा पॅड काढू लागले तेव्हा तिने हात मागे घेतला आणि पेन पुन्हा मागितले. तिसरी सही त्यांनी नमुन्याशी बराच वेळ ताडून पाहिली आणि स्वीकारली. खाते उघडले आहे, स्थायी सूचना १ तारखेपासून सुरू होईल.

एक शंका राहिली. मोठ्या खात्यावर नामांकन काकांचेच आहे. तिथे एकच नाव देता येते का? मावशी म्हणते मामा आणि आम्ही दोघे, तिघांचीही घाल.

निवृत्त_शाखाधिकारी
रविवार, रात्री ८.०५

घालता येतील. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांवर चारपर्यंत नामांकने करता येतात, आणि प्रत्येकाचा टक्केवारीत वाटाही लिहिता येतो, फक्त एकूण बेरीज शंभर व्हावी लागते. वारसाहक्काप्रमाणे मामांना अर्धा आणि आपणा दोघा भावंडांना पाव-पाव असे लिहिले तर पुढे पैसे वाटताना हिशेब पुन्हा करावा लागणार नाही. काकांचे नामांकन रद्द करण्याचा अर्ज त्याच वेळी द्या, आणि तो अधिकारीच घरी येऊन घेईल असे पाहा, म्हणजे मावशींना पुन्हा सकाळी दहाचीच वेळ मिळेल.